पलंगाची दिशा

निग्रिलच्या किनाऱ्यावरचा तो महागडा फ्लॅट लॅसेल्सच्या, माझ्या नवऱ्याच्या, मनात भरला होता. तो जन्मभर लंडनमध्ये बस चालवून थकला होता. आता त्याला जमैकात परतून पलंगावर पडल्या पडल्या समुद्र बघायचा होता.

दुसऱ्या खेपेला पाहिलं, तर पलंग भिंतीकडे तोंड करून होता. आम्ही दोघांनी जोर लावून तो पुन्हा समुद्राकडे वळवला. फरशीवर आधीचा एकही ओरखडा नव्हता.

"कोण फिरवतं गं हा?" मी फ्लॅट दाखवणाऱ्या केरीॲनला विचारलं.

"किल्ली माझ्याकडेच असते, मिस आयोनी." ती पलंगाकडे बघत नव्हती.

आमच्याकडे जमैकात माणूस गेलं की नवव्या रात्रीनंतर त्याचा पलंग फिरवतात. परत आलंच, तर त्याला खोली ओळखू येऊ नये. मी लॅसेल्सला त्याची आठवण करून दिली.

"मरायच्या आधी ताबा तर मिळू दे!" लॅसेल्स हसला.

आज सह्या होत्या. पलंग पुन्हा फिरलेला होता. मी इतकी दमले होते की तो तसाच राहू दिला आणि त्यावर बसले.

लॅसेल्स मागून सावकाश आला आणि दारातच थांबला. त्यानं पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माफ करा हं, बाई," तो अदबीनं म्हणाला. "घर चुकलं माझं."