परसातला बेल

“बेल नको, आश्रुबा,” शांतम्मा म्हणाली. “कोरफड लावा. तिला पाणी लागत न्हाई.”

आश्रुबा माळी तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. बोरी गावातली निम्मी अंगणं त्याच्या हातची. मावळतीचं ऊन खाणाऱ्या दाराशी कण्हेर, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ, ओट्याच्या सावलीत अडुळसा. जागा बघून रोप सांगावं ते त्यानंच. पण एकुलत्या एक पोराच्या समाधीवर कोरफड? बापजन्मात त्यानं असलं ऐकलं नव्हतं.

“अक्का, शोभंल का ते? शिवभक्ताच्या घरचं लेकरू. बेलच पाह्यजे तिथं.”

“बेलाची मुळं लय खोल जातेत.”

“मग? जाऊ द्या की.”

“त्याच्या अंगाला लागतील,” शांतम्मा हळू म्हणाली.

आश्रुबानं टोपलीतलं बेलाचं रोप फडक्याखाली झाकलं.

रझाकारांचा तो उन्हाळा. तिचा शिवमूर्ती निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेला होता, तो मांडीत गोळी घेऊन घरी परतला. निजामाचे पोलीस गावभर त्याला हुडकत होते. तो दगावल्याचं गावाला कळलं तेव्हा माती देऊन झाली होती, तीही घरच्याच परसात, लिंबाखाली. त्या दिवसांत प्रेत घेऊन वेशीबाहेर पडायची कुणाची छाती होती? आश्रुबा तेव्हा पेडगावला लेकीकडे होता. ज्या पोराला खांद्यावर घेऊन गुलबाक्षीच्या बिया वेचायला शिकवलं, त्याचं तोंडसुद्धा शेवटचं बघायला मिळालं नाही. ते त्याला रात्रंदिवस खात होतं. आता एकच करता येण्यासारखं होतं. त्या मातीवर एक झाड जगवायचं.

शांतम्माचं वागणं मात्र त्याच्या ध्यानात येत नव्हतं. ती रडत नव्हती. रोज भाताचा नैवेद्य घेऊन परसात जायची आणि कुणाला मागं येऊ द्यायची नाही. समाधीही केवढी ऐसपैस, वर दगडी फरशी आणि फरशीवर मातीचा ढीग. विचारलं की एकच उत्तर, “आमच्यात असंच असतंय.” लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात एवढं आश्रुबाला ठाऊक होतं. त्याच्या भावकीत जाळतात, त्याला बाकीचं काय कळणार? असेल बाबा, म्हणून तो सोडून द्यायचा. शिवाय त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सगळं गाव त्याच्याशी बेतानंच बोलायचं, तशी तीही बोलायची.

तेवढ्यात चावडीवरचा शिपाई दारात आला. पोराच्या मरणाची जबानी घ्यायला जमादारानं बोलावलं होतं.

शांतम्मानं पदर सावरला. शिपायापुढं जास्त बोलायची सोय नव्हती. “टोपलीतले कोरफडीचे फुटवे ओट्यावरच ठेवा अन् जावा घरी,” ती म्हणाली. “पाणी घालू नका बरं, आश्रुबा.”

दुःखानं बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही, आश्रुबाला वाटलं. अशा वेळी आपणच शहाणपणानं वागायचं. टोपलीत बेलाचं रोप होतंच. ते घेऊन तो परसात गेला.

लिंबाच्या बुंध्याशी पाचोळा सारताच त्याला बीळ दिसलं. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. घूस! मेली पोरापर्यंत पोचली असेल तर?

“हरामखोर!” तो ओरडला. गोटे आणून त्यानं बिळात ठोकले, वर चिखल कोंबला आणि टाचेनं दाबला.

मग त्यानं जमीन नीट बघितली. काळी माती उन्हानं जागोजाग भेगाळली होती. अशा जागी मुळाला वारा लागला की रोप वाळलंच. कडेला बेल लावून तो आडाच्या पाण्याच्या घागरीमागून घागरी ओतत राहिला. माती भिजली, तशी पायानं तुडवली. खालून पोकळ आवाज आला. अजून माती बसली नाही म्हणत त्यानं पुन्हा तुडवली. एकही भेग उरली नाही तेव्हा तो थांबला.

“झोप, माझ्या राजा,” डोळे पुसत तो म्हणाला. “आता तुला कशाचा तरास न्हाई.”

दुपार कलल्यावर शांतम्मा परतली. तोंड उन्हानं लाल झालेलं, पण डोळे हसत होते. ओट्यावर टेकलेल्या आश्रुबाला बघून ती दारातूनच म्हणाली, “चौकशीची मिसल बंद केली जमादारानं! आता घराकडं कुणी फिरकणार न्हाई.” आणि तशीच परसाकडं धावली.

आश्रुबा मागोमाग गेला. “रागावू नका अक्का, बेल लावला. घुशीचं बीळ बी बुजवलं. आता वारासुदिक शिरायचा न्हाई बगा.”

शांतम्मानं त्या ओल्या, सपाट मातीकडं बघितलं. दुसऱ्या क्षणी ती चिखलात पडली होती आणि दोन्ही हातांनी फरशीवरची माती ओरबाडत होती.

“शिवा! वर ये रे बाळा! गेले ते समदे! शिवा, ओ दे!”

आतून ओ आली नाही.