दोनशे डॉलरच्या आतली दुर्बीण

तिसरी.

"धूसर आहे," कर्टिसचा बाप आर्विद म्हणाला आणि बंदुकीवर बसवायची ती दुर्बीणही काउंटरवर ठेवून दिली.

कर्टिसने कपाळावर हात मारला. सकाळपासून बाबांनी जीव नकोसा केला होता. आधी गाडी मीच चालवतो म्हणून हट्ट. तो मोडून काढला तर वाटभर 'हळू, हळू'चा जप, आणि त्या जपाच्या नादात गावाकडचं वळण चुकलेलं. कर्टिस वर्षातून एकदा, हरणांच्या शिकारीच्या हंगामापुरता मिशिगनच्या या टोकाला यायचा. ती सुट्टीही आता अशी चालली होती.

दुकानाची मालकीण मर्ना चौथं खोकं घेऊन आली. दोनशेच्या आत याहून बरी मिळायची नाही, असं तिचं म्हणणं. तिप्पट ते नऊपट जवळ आणते, कडाक्याच्या थंडीत काचेवर वाफ धरत नाही.

"एकशे एकोणचाळीस," कर्टिसने चिठ्ठीवरची किंमत वाचली. "मग दोनशेच्या गोष्टी कशाला?"

"एकशे एकोणनव्वद," मर्ना म्हणाली.

कर्टिसने खोकं बाजूला सारलं. गिऱ्हाईक म्हातारं दिसलं की भाव चढतो, दुसरं काय.

(मध्येच गेल्या नोव्हेंबरची गोष्ट, कारण तिच्याशिवाय ही खरेदीच नव्हती.

हंगामाचा पहिला दिवस. दलदलीच्या कडेने हरणाचा एक मोठा नर निघाला आणि बापलेकांनी आपापल्या, वेगळ्या मापाच्या बंदुकींतून एकदमच गोळी झाडली. नर निसटला. एक गोळी चिखलात गेली, एक बर्चच्या खोडात घुसली. त्या बर्चला मचाण बांधलेलं होतं आणि मचाणावर कर्टिसची भाची लेना बसली होती. तिच्या कानापासून वीतभर.

"माझी," बाबा लगेच म्हणाले होते. "दुर्बीण हललीय." चाकूने खोड कोरून गोळी त्यांनी स्वतः काढली आणि कोणाला न दाखवता खिशात टाकली.

नेम चुकला की त्यांच्या कॅम्पवर चुकणाऱ्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापतात, त्यावर नाव लिहितात आणि भिंतीला ठोकतात. भिंतीवर कर्टिसची चार शेपटं होती. बाबांचं चोपन्न वर्षांत एकही नाही. त्या संध्याकाळी लागलं. कात्री कर्टिसच्याच हातात होती. एरवी अशा वेळी टिंगलीला ऊत येतो. त्या दिवशी कोणी हसलं नाही.)

यंदाही लेना त्याच मचाणावर बसणार होती. आजोबांवर माझा भरवसा आहे, म्हणाली. आणि एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा बंदूक सोडायला तयार नव्हते. डोळे तपासून घ्या म्हटलं की एकच उत्तर, जाऊ की दोघं, आधी तू तुझे तपासून घे. पोरखेळ नुसता. मुलीचा जीव गेल्यावर कळणार होतं का यांना? कर्टिसने ठरवलं होतं, आज मर्नासमोर यांच्याकडून कबूल करून घ्यायचंच.

चौथी.

बाबांनी ती डोळ्याला लावली, दारात उभे राहून रस्त्यापलीकडे बघितलं आणि कर्टिसच्या हातात दिली.

"मला नाही जमत. तू सांग. चर्चचा फलक वाच."

"तीनदा वाचला, बाबा."

"या काचेतून नाही वाचलास."

कर्टिसने दात आवळून दुर्बीण उचलली. पांढरा फलक, काळ्या ओळी, दर नोव्हेंबरला असतात तशाच. "शिकाऱ्यांचं जेवण. शनिवार, संध्याकाळी पाच. सर्वांचं स्वागत. झालं समाधान?"

"नीट दिसतंय?"

"लख्ख."

खोक्यात कापड भरणारे मर्नाचे हात थांबले. तिने आर्विदकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते. कर्टिसला अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. निदान हिला तरी म्हाताऱ्याची अवस्था कळली.

मग त्याने मन घट्ट केलं.

"चारही दुर्बिणी चांगल्या आहेत, बाबा. खोट काचेत नाही, डोळ्यांत आहे. ज्याला दिसत नाही त्याने बंदूक खाली ठेवावी. लाजायचं काय त्यात? लेनाच्या जिवापुढे आपला तोरा मोठा आहे का?"

आर्विदने हात कोटाच्या खिशात घातला. आत त्याचा अंगठा कशावर तरी फिरत होता.

"शब्द देतोस? ज्याला दिसत नाही त्याने?"

"मी काय शब्द देणार? तुम्ही द्या."

"दोघंही देऊ. मर्ना साक्षीला आहे."

कर्टिसने हात पुढे केला. बापाने तो धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. इतक्या सहज सुटेल असं कर्टिसला वाटलं नव्हतं. सकाळपासूनचा सगळा वैताग एकदम उतरला. त्याला वाईटही वाटलं.

पाचवी कोणी मागितली नाही. मर्ना खोकी मिटवू लागली.

"जेवणाची दोन तिकिटं घेऊन ये," आर्विद म्हणाला. "गाडीची किल्ली ठेवून जा माझ्यापाशी."

"चालवा एकदाचे," कर्टिस हसला. किल्ली काउंटरवर टाकून, दोन्ही बाजूंनी काही येत नाही ना याची चाहूल घेऊन त्याने रस्ता ओलांडला.

चर्चच्या दाराला कुलूप होतं. त्याने दोनदा ठोठावलं. तिकिटं कुठे मिळतील ते लिहिलं असेल म्हणून तो फलकाकडे वळला आणि अगदी हाताच्या अंतरावर जाऊन थांबला.

'चर्च जूनपासून बंद. इमारत विकणे आहे.'