जबाबदारी फिटरची

"पुन्हा स्टोअर?" फिटरने विचारलं. "बाई, अख्ख्या कारखान्यात तुम्हाला दुसरं काही मोडकं दिसत नाही का?"

"दिसतं की. पण स्टोअरमधलं तुमच्या नावावर आहे," सेफ्टीबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

पंख्यांच्या त्या कारखान्यात दर सोमवारी बाईंची फेरी असायची. कुठे वायर लोंबतेय, कुठे तेल सांडलंय, कुठे आग विझवायच्या नळकांड्यापुढे खोकी रचलीत, सगळं त्यांच्या नजरेत भरायचं. त्यांचा एक हट्ट होता. प्रत्येक दोषापुढे एकाच माणसाचं नाव हवं. 'मेंटेनन्स विभाग' असं कुणी लिहिलं की त्या खोडायच्या. "विभागाला हात असतात का? माणूस सांगा." आणि करणाऱ्याने 'झालं' म्हणून भागायचं नाही. बाई स्वतः येऊन हलवून बघायच्या, तेव्हा कुठे ते काम बंद व्हायचं. लोक वैतागायचे, पण बाईंवर जीवही टाकायचे, कारण त्या आल्यापासून यंत्रात कुणाचं बोट गेलं नव्हतं.

फिटरच्या मात्र त्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. आधी म्हणे स्टोअरच्या दाराची बिजागरी कुरकुरते. मग रॅक डुगडुगतो. मग खिडकीची कडी लागत नाही. आता हे काय फिटरचं काम झालं? आणि वेळ बघा, नेमकी जेवणाच्या सुट्टीची.

शेवटी तो त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभाच राहिला. "माझं काही चुकलंय का? काय ते तोंडावर सांगा."

बाईंनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "बिजागरीचं नुसतं निमित्त आहे हो. खरं काम लिहिता येण्यासारखं नाही. स्टोअरमधले काका दुपारी एकटेच असतात. त्यांना कधी जेवताना बघितलंत?"

फिटरने आठवून बघितलं. खरंच नव्हतं बघितलं.

"असंच चाललं तर माणूस हातचा जाईल. उपदेश नको, चौकशी नको. विचारलं की माणूस मिटून जातो. रोज जायचं, सोबत चार घास खायचे, बास. जबाबदारी तुमची."

"पण मीच का?"

"मग काय, विभागाला सांगू?"

फिटरने मान डोलावली आणि तो बाहेर पडला.

चार घास खायचे म्हणजे डबा आला. बायको गेल्यापासून फिटरने कढईला हात लावला नव्हता. सकाळी चहा, दुपारी चहा, रात्री पाव, भागत होतं. पण आपलं कसंही चालतं, म्हाताऱ्याचं कसं चालेल? दुसऱ्या दिवशी तो लवकर उठला. बटाटे चिरले, भात लावला आणि खालून चांगला करपवला.

नट-बोल्टच्या खोक्यांमध्ये जागा करून काकांनी वर्तमानपत्र पसरलं. "मला नको रे. भूकच मेलीये."

"दोन घास घ्या काका. माझ्यासाठी."

"तू घेतलास तर मी घेईन. एक तू, एक मी." काकांनी घास तोंडात घातला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "मिठाच्या मानाने भाजी कमी झाली."

फिटर ओशाळला. काकांनी मात्र डब्याचा तळ दिसेपर्यंत खाल्लं, आणि प्रत्येक घासाला फिटर खातोय ना इकडे लक्ष ठेवलं. बिचारे, एकट्याने गिळवत नसेल, असं त्याला वाटलं. त्याचा जीव गलबलला.

मग रोजचंच झालं. शेजारच्या वहिनींना विचारून विचारून भाजी सुधारली. कामगार चिडवायचे, "काय रे, स्टोअरमध्ये सोयरीक जुळवतोयस का?" फिटर दाद द्यायचा नाही. एकदा काकांनी विचारलं, "ही भाजी तुझी बायको अशीच करायची का?" तिच्याबद्दल तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. पण काकांचं मन रमावं म्हणून बोलला. ती चिडली की भांड्यांचा कसा दणदणाट करायची, आणि भांडण मिटलं की तीच भांडी कशी हळूच लावायची, सगळं सांगत बसला. काका हसले. मग तोही हसला. भोंगा झाला तरी दोघं उठले नाहीत.

बघता बघता काकांच्या गालांवर मांस चढलं. त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ आली, तेही फिटरनेच पाडून दिलं. आयुष्यात बरीच यंत्रं दुरुस्त केली, पण माणूस हा पहिलाच, असं वाटून त्याची छाती फुगली.

आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं. काम झालं म्हणजे बाई ते बंद करणार. मग स्टोअरमध्ये कुठल्या तोंडाने जायचं? रविवारभर त्याला हेच खात होतं. काकांना अजून सोबत लागेल, काम चालू राहू द्या, असं बाईंना स्पष्टच सांगायचं त्याने ठरवलं.

सोमवारी बाई टेबलावर नव्हत्या. फेरीला निघाल्या, आता स्टोअरमध्ये असतील, असं कुणीतरी सांगितलं. तो डबा हातात घेऊनच तिकडे गेला. दार अर्धं उघडं होतं आणि आत काका बोलत होते.

"बाई, आता ढिलं तरी काय काय करू? सगळं घट्ट करून जातो तो. बरं, आमची ही घरून डबा देते तो सकाळीच संपवायचा, आणि दुपारी त्याच्यासोबत पुन्हा जेवायचं. माझ्या पोटाकडे बघा जरा."

बाई हसल्या. "ते राहू द्या. तुमच्या नावावर दिलेलं काम कुठवर आलं?"

"पोटभर जेवतो आता. परवा बायकोच्या आठवणी सांगताना हसलाही." काकांनी वर्तमानपत्र पसरायला घेतलं. "पण एवढ्यात बंद नका करू बाई. मला करमायचं नाही."