शेवटच्या बाकामागे

नवरा गेल्यापासून शिंपीणबाई चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, शेवटच्या बाकावर बसायच्या. पाठीमागे नुसती भिंत. फादर म्हणायचे, “एकमेकांना शांती द्या,” की पुढचे सगळे आपापसात हात मिळवायचे. मागे वळून कुणी बघत नसे.

एका रविवारी मागून खांद्यावर हात आला. “शांती असो.”

न वळताच बाईंनी तो धरला. ऊबदार होता. त्या आठवड्यात घर त्यांना खायला उठलं नाही.

पुढच्या रविवारी फादर दारातच म्हणाले, “मावशी, पुढे बसा की. मागे एकट्या कशाला?”

“एकटी कुठे, फादर?” म्हणत त्या मागेच बसल्या.

हात आला. त्यांनी घट्ट धरला. मिस्सा संपला, माणसं पांगली, चर्च रिकामं झालं.

बाईंनी हात सोडला. त्या हाताने सोडला नाही.