बिनहातांची खुर्ची

लाकडी खुर्ची. हात नाहीत. पाठ भिंतीला टेकवलेली, म्हणजे सरकणार नाही.

मांडीचे स्नायू वापरले नाहीत की आटतात. कपड्यांखाली असतात, त्यामुळे कुणी हळहळत नाही.

गाडीच्या डिकीत रिकामी सुटकेस.

एका स्वयंपाकघराची दोन झाली, तेव्हा नळ एकीकडे गेला आणि खिडकी दुसरीकडे.

"हात छातीवर बांधा, मावशी. उठताना कुठे टेकवायचे नाहीत," संशोधनासाठी घरी आलेल्या बाई म्हणाल्या.

खुर्चीत धाकटी बसली होती. सत्तरी उलटली तरी सगळा गोतावळा तिला धाकटीच म्हणायचा. नवरा गेल्यापासून घरात एकटी. सहा महिन्यांपूर्वी याच खुर्चीतून ती गुडघ्यांवर हात रेटून अर्धी उठली होती आणि धपकन परत बसली होती. त्याच्या आदल्या आठवड्यात न्हाणीघरात खाली बसली, ती मुलगी येईपर्यंत तिथेच.

मुलगी आता दाराशी उभी होती. बोटात गाडीच्या किल्ल्या फिरवत. तिने येतानाच सांगितलं होतं, "या वेळी नाही जमलं तर घराला कुलूप. तू माझ्याकडे यायचंस."

"तुझ्याकडे येऊन काय करू? तुमच्या लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत."

"न्हाणीघरात तरी कोण बघत होतं तुझ्याकडे?"

यावर धाकटी सरळ खुर्चीत जाऊन बसली होती.

संशोधन साधं होतं. उतारवयातल्या बायका, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला घरच्या घरी करायचा व्यायाम. दुसऱ्याला फक्त काय खावं याचं पत्रक; बाकी जगणं होतं तसंच. सहा महिन्यांनी दोन्ही गट खुर्चीत. धाकटीला पत्रक आलं होतं. "त्यांना उठाबशांची शिक्षा, मला जेवायची," असं ती तेव्हा म्हणाली होती.

म्हणजे आज काय होणार, हे संशोधक बाईंना ठाऊक होतं. मुलीलाही. सुटकेस उगाच आणलेली नव्हती.

धाकटीने पाय मागे घेतले. छाती पुढे झुकवली. उठली.

बसली. उठली. बसली. उठली.

किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"पुरे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा काही खुश नव्हता. "मावशी, पत्रकातलं खाऊन माणूस असा उठत नाही. पाय मागे घ्यायचे, पुढे झुकायचं, हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"आई, खरं सांग."

"भिंतीने," धाकटी म्हणाली.

भिंतीपलीकडे तिची थोरली जाऊ राहायची. एकाच घराचे दोन भाग. एकाचं दार पुढच्या रस्त्यावर, दुसऱ्याचं मागच्या गल्लीत. पत्ते वेगळे, म्हणून बाईंच्या ध्यानात कधी आलंच नाही की या दोघी एकाच छपराखालच्या. चिठ्ठीत थोरलीला व्यायाम आला होता.

"मग त्यांनी शिकवलं म्हणा की."

"छे! आम्ही बोलत नाही. वाटणीपासून. नळावरून झालं." धाकटीने मानेला झटका दिला. "पण रोज सकाळी पलीकडे कवायत. 'पाय मागे, पुढे झुका, उठा, एक. बसा. पाय मागे.' आवाज असा की माझी भांडी हलायची. आधी वाटलं, मलाच टोमणे मारतायत."

"आणि तू लागलीस करायला?"

"त्यांच्या हुकमावर मी कशाला उठू? पण त्या पाचाला थांबल्या ना, तेव्हा मी सहावी काढली. खुर्ची मुद्दाम आपटून. ऐकू जावं म्हणून."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी त्यांचे सात. मी आठ. हरतायत होय त्या! मीही हरणारी नाही."

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. बाई हसल्या नाहीत. "मावशी, असं झालं तर तुमचं माप मला धरता येत नाही. नाव काढावं लागेल."

"खुशाल काढा. घरातून नका काढू म्हणजे झालं." हे तिने बाईंकडे बघून म्हटलं, पण होतं मुलीला.

"कोण काढतंय तुला?" मुलगी म्हणाली. "सुटकेस तशीच परत नेते. पण न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यायचा. आणि मोठ्या काकूशी एकदा बोल."

"त्या आधी बोलू देत."

बाई पेनाचं टोपण शोधत होत्या. मध्येच थांबल्या. "त्या अजून मोजतात?"

"म्हणजे काय! आज सकाळीच वीस झाले. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, पण एकदाही धाप लागल्याचा आवाज नाही हो. खुर्चीसुद्धा करकरत नाही त्यांची. कसली शिसवी आहे कुणास ठाऊक."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मुलीकडे पाहिलं, धाकटीच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं आणि टोपण लावून टाकलं.

"हात सोडा आता, मावशी," त्या म्हणाल्या. "वजन घेऊ."

थोरलीचा गुडघा दुसऱ्याच महिन्यात सुजला होता, आणि खुर्चीतली उठबस पूर्ण बंद करायला तिला बाईंनीच सांगितलं होतं.