गुरुवारचे दोन रुग्ण

निवृत्त परिचारिका द्वारकाबाई खरात जालन्यात एकट्याच राहत. सोमवारी दुपारी वस्तीची आशा सेविका नीलिमा त्यांच्या घराचा फ्लूचा अंदाज घेऊन आली. जगभरातल्या दवाखान्यांची आणि विमानतळांची माहिती जुळवून घरोघरचा असा अंदाज निघे. पाच वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

"मावशी, गुरुवारी तुमच्याकडे दोन रुग्ण दाखवतायत. त्यातला एकच बरा होणार."

"अगं, दोन कुठले? मी तर एकटी."

"विषाणू मेलबर्नचा आहे," नीलिमा खाली बघत म्हणाली.

मेलबर्नला द्वारकाबाईंची लेक वैजू होती. अकरा वर्षं मायलेकींत बोलणं नव्हतं.

"गुरुवारी कुणालाही दार उघडू नका, मावशी. मग दोन होतीलच कसे?"

गुरुवारी सकाळी दाराशी रिक्षा थांबली. आधी खोकला ऐकू आला, मग हाक.

"आई, मी आलेय गं."

कडीवर हात ठेवताच द्वारकाबाईंच्या लक्षात आलं. त्या दार उघडणार, हेही अंदाजात आधीच धरलेलं होतं.

त्यांनी कडी काढली. "किती तापलीस गं," म्हणत लेकीला पोटाशी धरलं.