मुलींची सुई

लसीकरण केंद्रात सिस्टरने थेंब पाजून झाल्यावर तिसरी सुई उचलली, तसा मृण्मयीने तीन महिन्यांच्या रेवाच्या मांडीवर हात ठेवला.

“ही कसली?”

“फक्त मुलींची. मोठेपणी मांडीला चरबीचे खळगे पडत नाहीत.”

“खळगे हा आजार आहे का?”

“नाही हो ताई. पण दहातल्या नऊ बायकांना पडतातच.”

“नऊ जणींना पडतात, मग बिघडलं कुठे? आणि मुलग्यांना काय टोचता?”

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं. “अगं, सगळ्या घेतात. उद्या हीच पोरगी तुला बोल लावेल.”

खरंच लावेल? मृण्मयी क्षणभर चरकली, पण हात काढला नाही.

सिस्टरने कार्ड पुढे सरकवलं. “नको तर कारण लिहा. बाळ आजारी असेल तरच सूट मिळते.”

मृण्मयीने पेन दाबून लिहिलं : ‘बाळ ठणठणीत आहे.’